सांगलीत खोली बघताना आधी भिंत बघ

पत्र : काकू, मी २५ वर्षांची, मूळची आटपाडीची. पुण्यात दोन वर्षं नोकरी केली. आता कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागलेय, एक जूनला रुजू व्हायचंय. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. दुसरी रात्री अकराला सुटते. राहायचं काही ठरत नाही. विश्रामबागेत दोघी मुली राहतात त्या फ्लॅटमध्ये तिसरी म्हणून जागा आहे, माझ्या वाट्याला साडेसहा हजार. शामरावनगरात तळमजल्यावर स्वतंत्र वन बीएचके आहे, सहा हजार. तिथल्या मालकांना दोन हजार टोकन देऊन बसलेय. आणि गावभागात मामांच्या वाड्याची माडी रिकामीच आहे, तिथे भाडं नाही. आई म्हणते मामांकडेच राहा. मामी सांगतात, २०१९ ला पाणी जिन्याच्या सहाव्या पायरीवर थांबलं, माडीवर आलं नाही. मैत्रिणी म्हणतात, राहायचं तर विश्रामबाग, बाकी सगळं नुसतं गाव. बाबांचं तिसरंच, भाडं भरत बसण्यापेक्षा एखादा गुंठा घेऊन टाकू. कुठला एरिया निवडू?
— आटपाडीची एक

उत्तर :

अगं, सांगलीतला चांगला एरिया कुठला हे तुला कुणीही सांगेल, आणि ज्याचं घर जिथे तोच नेमका चांगला निघेल. विश्रामबागेतला माणूस गावभागाला नाक मुरडतो. गावभागातल्याला विश्रामबाग म्हणजे रात्री नऊनंतर सामसूम आणि शेजारी कोण राहतं त्याचा पत्ता नाही. मिरजेच्या माणसाला तर सांगलीत राहावंच का, असा प्रश्न पडतो. तेव्हा एरियाचं नाव थोडा वेळ बाजूला ठेव. इथे घर बघताना पहिला प्रश्न एकच असतो, २०१९ ला या भिंतीवर पाणी कुठवर होतं? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय भाडं, किचन ओटा, गॅलरी यांतलं काहीही बघू नकोस.

आटपाडीच्या मुलीला पुराचं सांगायचं म्हणजे जरा विचित्रच वाटतं. तुमच्याकडे टँकरची वाट बघण्यात उन्हाळे गेले, आणि जिल्हा तोच. पण सांगलीत पाण्याची भीती उलट्या बाजूने आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २००५ साली पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं तेव्हा लोक म्हणाले, असं पुन्हा आपल्या हयातीत होणार नाही. २०१९ च्या ऑगस्टात ते साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. मग २०२१ च्या जुलैत पुन्हा ५५ च्या घरात. तू पंचविशीची आहेस, एवढ्या तुझ्या आयुष्यातच हे तिन्ही पूर येऊन गेले. त्यामुळे 'शंभर वर्षांतून एकदा' असं कुणी मालक म्हणाला तर ऐकून घे आणि चहा पिऊन नीघ.

दुसरं म्हणजे पाणी नेहमी नदीच्या बाजूनेच येतं असं नाही. कृष्णा फुगली की शहरातले नाले तिच्यात मोकळे होत नाहीत, पाणी त्यांच्यातून मागे फिरतं आणि सखल वस्तीत शिरतं. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, ती भरून आलेली असली तर कृष्णेलाही पुढे सरकायला जागा राहत नाही. म्हणून नदीपासून लांब, मधे चार गल्ल्या, नदी नजरेलाही पडत नाही अशा घरांतसुद्धा पहाटे खाटेखाली पाणी आलेलं असतं. नकाशावर अंतर मोजून काही उपयोग नाही. उंची बघावी लागते.

ती बघायची कशी? पाटबंधारे खात्याच्या पूररेषा आहेत. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. घर विकत घेणाऱ्याने त्या जरूर बघाव्यात. तू भाड्याने राहणार आहेस, तुला गल्लीच पुरे. मालकाला विचारू नकोस, एजंटाला तर नकोच. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याला विचार. त्याची मोटर बुडाली की नाही हे तो विसरलेला नसतो. किराणा दुकानदाराने साखरेची पोती कुठल्या फळीवर चढवली ते तो हाताने दाखवतो. मग घराच्या बाहेरच्या भिंती बघ. रंग नवा असेल तर जिना, मागची बोळ, संडासाच्या बाहेरची बाजू बघ, तिथे कुणी रंग देत नाही. विजेचा मीटर डोक्याच्या वर बसवलेला दिसला तर समज, कुणाला तरी अद्दल घडलेली आहे. आत गेल्यावर फ्रिज पाटावर आणि कपाटाखाली विटा असल्या की तेवढंच. आपण काही विचारायच्या आत घर सगळं सांगून टाकतं.

आता तुझं शामरावनगर. त्या भागावर माझा राग नाही, हजारो लोक तिथे राहतात, पोरं शिकवतात. पण तळमजला? आणि जूनच्या तोंडावर? तिथे पुराची गोष्ट वेगळी आणि पावसाची वेगळी. पूर दर वर्षी येत नाही. पावसाचं पाणी मात्र मोकळ्या प्लॉटमध्ये साचतं आणि लवकर हलत नाही, कारण जमीन काळी, चिकट, आणि उताराला वाव नाही. बराचसा भाग गुंठेवारीतून, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यांचे तुकडे विकून वसला. आधी घरं झाली, मग रस्ते आणि गटारांची वाट बघणं आलं. शेजारी एखादा रिकामा प्लॉट असला की त्यात पाणी, पाण्यात डास आणि डासांमुळे संध्याकाळी सहाला खिडक्या बंद. काळ्या मातीचा रस्ता पावसात कसा होतो हे शेतावर पाहिलंच असशील, त्यातून रात्री सव्वाअकराला एकटीने दुचाकी घेऊन यायचंय असं डोळ्यासमोर आण. तुझं साठ-सत्तर टक्के सामान लॅपटॉप, गादी आणि पुस्तकं असणार, आणि यातलं काहीच जमिनीवरच्या ओलीत टिकत नाही. त्याच भागात वरच्या मजल्यावरची जागा असती, रस्ता पक्का असता आणि नोकरी शंभर फुटी रोडला किंवा कोल्हापूर रोडला असती, तर मी इतकी आडवी आले नसते. तुझ्या पाळ्यांना आणि तुझ्या कारखान्याला ही जागा नाही.

मामांच्या माडीचा प्रश्न खरा अवघड, कारण तिथे प्रश्न नुसत्या जागेचा नाही.

मामी म्हणतात ते खोटं नाही. पाणी सहाव्या पायरीवर थांबलं असेल आणि माडी कोरडी राहिली असेल. पण कोरड्या माडीवर माणूस किती दिवस राहतो ते त्यांनाच विचार. वीज गेलेली, नळाला पाणी नाही, खालचा संडास बुडालेला, मोबाइल बंद पडलेला, दूध आणि पाण्याच्या बाटल्या बोटीतून. घरी पाणी शिरलं नाही असं म्हणणारे गावभागातले कितीतरी लोक त्या ऑगस्टात शेवटी बोटीतूनच बाहेर पडले. घरच्या माणसांना ते जमतं, कारण घर त्यांचं असतं, सोडवत नाही. तू मात्र त्या आठवड्यात कामावर जाऊ शकणार नाहीस, आणि नवीन नोकरीत पहिल्याच पावसाळ्यात एवढ्या रजा मागणं कठीण.

पुराचं सोडून देऊ, तो यंदा येईलच असं नाही. रोजचं बघ. कुपवाड रेल्वेरुळांच्या उत्तरेला, गावभाग पार दुसऱ्या टोकाला नदीकाठी. मधे मारुती चौक, हरभट रोड, स्टेशन चौक. सकाळी सातच्या पाळीला रस्ते मोकळे मिळतील, पण दुपारी तीनच्या पाळीला निघशील तेव्हा बाजाराच्या गर्दीतून बाहेर पडावं लागेल. गणपतीच्या दिवसांत तर विचारूच नकोस.

आणि मामा-मामी. घरची म्हणून राहणं म्हणजे काय हे तुला ठाऊक आहे. रात्री अकराला सुटून साडेअकराला पोचशील तेव्हा मामी जाग्या असतील. पहिला आठवडा कौतुकाने, दुसरा काळजीने, अशा तिसऱ्या आठवड्यानंतर आईला फोन. जेवण झाकून ठेवलेलं असेल आणि तू कॅन्टीनमध्ये जेवून आलेली असशील. रविवारी तुला झोपायचं असेल आणि वाड्यात सत्यनारायण असेल. यात कुणाचीच चूक नाही. पण भाडं द्यायचं नाही म्हणजे घरात बोलायचाही हक्क थोडा कमी, हे कुणी उघड म्हणत नाही, तरी असतं. आईची माया आणि मामांचा मान दोन्ही ठेवायचे तर माडी नाकारताना पुराचं कारण पुढे करू नकोस, त्यांना ते घराला नाव ठेवल्यासारखं लागेल. पाळीचं कारण सांग. "मामी, रात्री अकराला सुटते, रोज तुमची झोपमोड मला नको. रविवारी जेवायला मात्र येणार." आणि खरंच जात जा. गावभागात राहण्यात जे सुख आहे ते रविवारीही मिळतं. गणपतीचं देऊळ, घाट, संध्याकाळी नदीवरचा वारा. भावे नाट्यमंदिरात चांगलं नाटक लागलं तर मामांना तिकिटं काढून ठेवायला सांग. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिला खेळ केला तो याच गावात, मामा तुला ते दर वेळी ऐकवतील, ऐकून घे.

एक गोष्ट मात्र मामांकडून हक्काने माग. विश्रामबागेतली असो की कुठलीही, जागा पक्की करायच्या आधी त्यांना घेऊन जा. सांगलीत आयुष्य काढलेल्या माणसाला गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी कळतं, कुठे पाणी चढतं आणि कुठे नाही.

विश्रामबागेचं काय? मैत्रिणींचं अर्धं बरोबर आहे. तो भाग उंचावर आहे. १९१९ साली विलिंग्डन कॉलेज तिथे आलं, १९४७ मध्ये आज ज्याला वालचंद म्हणतात ते इंजिनिअरिंग कॉलेज, आणि त्यांच्या आजूबाजूने वसाहती वाढत गेल्या. २०१९ ला अर्धी सांगली पाण्यात असताना लोक सामान घेऊन आले ते याच बाजूला. विद्यार्थ्यांची सवय असल्यामुळे मेस, डबा, झेरॉक्स, पंक्चरचं दुकान सगळं चालत जाण्याच्या अंतरात. एकट्या मुलींना जागा देणारे मालकही इथे जास्त. जिल्हाधिकारी कार्यालय विजयनगरला आल्यापासून मिरज रस्त्यावर वर्दळ वाढली आहे, म्हणजे रात्री रस्ता अगदी निर्जन नसतो. त्यामुळे तुझ्या तीन पर्यायांतला मी हाच निवडेन.

पण 'बाकी सगळं नुसतं गाव' हे मैत्रिणींचं म्हणणं डोक्यातून काढून टाक. त्या नावाचे पैसे मोजू नकोस. विश्रामबागेच्या मुख्य रस्त्यावर आणि त्याच्या मागे दोन गल्ल्या सोडून, या दोन भाड्यांमध्ये बराच फरक असतो आणि पाणी दोन्हीकडे सारखंच येत नाही. शिवाय तुला कुपवाडला जायचंय. रोज रूळ ओलांडून जाण्यापेक्षा रुळांच्या पलीकडेच राहिलीस तर? वारणाली, भारत सूतगिरणीचा परिसर, कुपवाड रस्ता, या बाजूला तुझ्या कारखान्यातलेच कितीतरी लोक कुटुंबासह राहत असतील. पाळीचं जीवन तिथल्या गल्ल्यांना ठाऊक असतं, रात्री अकराला गाडीचा आवाज आला तर पडदा सरकवून बघत नाहीत. तिथल्या काही भागांत दिवे कमी, रस्ते कच्चे, आणि कारखान्यांचा धूर वाऱ्यावर अवलंबून, हे खरं. म्हणून लगेच तिकडे जा असं मी म्हणत नाही. आधी विश्रामबागेतला तिसरा पलंग घे. सहा महिने त्या बाजूने ये-जा कर, कामावरच्या बायकांशी ओळखी होऊ देत, मग त्याच तुला त्यांच्या गल्लीतली जागा सांगतील. अशी जागा एजंटाकडून मिळत नाही.

रुजू व्हायच्या आधी एचआरला एक फोन कर. कंपनीची बस दुसऱ्या पाळीनंतर कुठून कुठे जाते, मुलींना घरापर्यंत सोडते की चौकात, ते विचार. बस विश्रामबागेत तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येत असेल तर माझं वरचं निम्मं बोलणं निकालात निघालं, निवांत राहा. नसेल तर दुचाकी लागेल. दिवसा शेअर रिक्षा आणि एसटीची शहर बस आहे, पण रात्री अकराला त्यांच्या भरवशावर राहू नये. वडापचं, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी गाड्यांचं, तर नावच काढू नकोस.

जागा बघायला दोनदा जा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री अकराच्या सुमारास, भावाला किंवा मामांना घेऊन. रात्री कुठले दिवे लागतात, कुत्री किती, कुठलं दुकान उघडं असतं, हे दुपारी दिसत नाही. नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं ते फ्लॅटमधल्या दोघींना विचार. सकाळी सातच्या पाळीला निघणाऱ्या मुलीला पाणी साडेसातला येऊन काय उपयोग? टाकी वरच्या मजल्यापर्यंत भरते का, हेही.

मालकांबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. आधी तुझं आडनाव विचारतील, मग गाव, मग मांस-मच्छी खाता का, मग कोण कोण येणार-जाणार. काही जण गोड शब्दांत विचारतील, काही सरळ. मला हे आवडत नाही, तुलाही आवडणार नाही, पण आज सांगलीत जागा शोधणाऱ्या मुलीला हे चुकलेलं नाही. वाद घालून डिपॉझिट द्यायचं आणि मग रोज टोमणे ऐकायचे, यापेक्षा जिथे हे प्रश्न कमी पडतात तिथे जा. रात्री गेट किती वाजता बंद होतं आणि पाळीवरून आल्यावर उघडणार कोण, हे मात्र डिपॉझिट द्यायच्या आधीच ठरवून घे. 'बघू आपण' हे उत्तर चालणार नाही.

करारनाम्याबद्दल सगळ्यांचा गैरसमज असतो की अकरा महिन्यांचा असला की नोंदवावा लागत नाही, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी पुरते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, जोपर्यंत मालक दुसरं सिद्ध करत नाही. मालकाला हे सांगितलंस की तोच नोंदणीला तयार होईल. हे सगळं आता ऑनलाइन होतं, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्क्यासारखं किरकोळ. तू तिसरी म्हणून जातेयस, तेव्हा तुझं नाव त्या करारात आहे का ते बघ. नाही तर उद्या दोघींपैकी एकीचं लग्न ठरलं आणि तिने जागा सोडली की तूही रस्त्यावर. डिपॉझिट मालकाकडे जातं की जाणाऱ्या मुलीच्या हातात, हेही आत्ताच विचार. मुलींमुलींत यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी उष्ट्या भांड्यांवरूनही होत नाहीत.

मिरजेचा विचार तू पत्रात केलेला नाहीस, पण सांगून ठेवते. आटपाडीला जाणं-येणं एसटीनेच असेल तर गरज नाही. पुण्याला वारंवार जाणार असशील तर मिरज जंक्शन जवळ असणं सोयीचं. दवाखान्यांमुळे आणि स्टेशनमुळे त्या भागात रात्री उशिरापर्यंत जाग असते, चहाही मिळतो. मोठ्या हॉस्पिटलांच्या आजूबाजूला परिचारिका मुली वर्षानुवर्षं खोल्या घेऊन राहतात, त्यामुळे तिथल्या घरमालकांना पाळीवाल्या मुलींचं नवल नाही. कृष्णा घाटाच्या बाजूला मात्र तोच भिंतीचा प्रश्न विचारायचा. मिरज-कुपवाड हे अंतर रोज जमेल का, ते तू एकदा तीनच्या पाळीच्या वेळेला जाऊन बघ.

राहता राहिले बाबा आणि त्यांचा गुंठा. बाबांचा हेतू चांगला आहे. कोरडवाहू भागातल्या माणसाला शहरात जमीन दिसली की हात शिवशिवतो, मी समजू शकते. पण पोरीने अजून सांगलीत एक पावसाळा काढलेला नाही, आणि स्वस्तात मिळणारा गुंठा सांगलीत स्वस्त असतो त्याला कारण असतं. एक तर तो सखल भागात असतो, नाही तर गुंठेवारीतला, किंवा दोन्ही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीने त्यात ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं आणि प्लॉट घेतले गेले. म्हणजे आज कुणी शेतीचे नवे तुकडे करून विकत असेल आणि 'होईल हो नियमित' म्हणत असेल, तर ती आशा तो विकतोय, जमीन नाही. सातबारावर नाव कुणाचं, बिनशेती झाली आहे का, मंजूर नकाशात तो प्लॉट आहे का, पूररेषा कुठून जाते, या गोष्टी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन बघायच्या असतात, आणि त्या बघून घेतलेला गुंठा स्वस्त राहत नाही. बाबांना एवढंच सांग की निदान येत्या ऑगस्टात तो प्लॉट बघायला या, उन्हाळ्यात नाही. आले तर त्यांना आयर्विन पुलावर घेऊन जा. १९२९ पासून तो पूल उभा आहे, खाली फुटांच्या खुणा आहेत. कृष्णा तेव्हा कुठे असते आणि प्लॉट कुठे आहे, ते त्यांनाच मोजू दे.

शामरावनगरच्या मालकांना आजच फोन कर. कारण खरं सांग, तळमजला नको. टोकन परत मागायला लाजू नकोस, जून तोंडावर आहे, त्यांना दुसरा भाडेकरू मिळायला वेळ लागणार नाही. अर्धे देतो म्हणाले तर अर्धे घे. अजिबात नाही म्हणाले तर दोन हजार सोड, पण त्या दोन हजारांसाठी तिथे राहायला जाऊ नकोस.